'टु हिअर' की 'टु हिअरिंग'? पत्राच्या शेवटच्या ओळीचं व्याकरण आणि शिष्टाचार

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या एका कारखान्यात जर्मन ग्राहकांशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या मुलीने मेलच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' असं लिहिलं. साहेबांनी 'हिअरिंग' खोडून 'हिअर' केलं, कारण 'टु'च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं हे त्यांना शाळेपासून पाठ आहे. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. बरोबर काय? 'आय लुक' लिहावं, 'आय ॲम लुकिंग' लिहावं की नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड'? आणि साहेबांना हे सांगायचं कसं?

बरोबर 'हिअरिंग'. यात दोन मतं नाहीत, ब्रिटिश-अमेरिकन असा भेदही नाही. साहेबांचा नियम खोटा नाही. तो दुसऱ्या 'टु'चा नियम आहे, एवढंच.

इंग्रजीत दिसायला सारखे पण काम वेगळं असलेले दोन 'टु' आहेत. एक 'आय वाँट टु गो' मधला. हा पुढच्या क्रियापदाचा आहे. 'टु गो' ही एक जोडी, आणि तिथे क्रियापद मूळ रूपातच राहतं. शाळेत 'टु प्लस व्ही-वन' म्हणून घोकून घेतात तो हाच. दुसरा 'आय वेंट टु नाशिक' मधला. हा शब्दयोगी आहे, त्याच्या पुढे नाम लागतं. 'लुक फॉरवर्ड टु' मधला 'टु' या दुसऱ्या जातीचा. तो मागच्या 'लुक फॉरवर्ड'ला चिकटलेला आहे, पुढच्या 'हिअर'शी त्याचं काही नातं नाही. वाक्य वाचताना थांबायचं झालं, तर 'लुक फॉरवर्ड टु' म्हणून थांबा आणि मग 'हिअरिंग फ्रॉम यू' म्हणा. साहेब 'लुक फॉरवर्ड' म्हणून थांबतात आणि 'टु हिअर' एका दमात म्हणतात. सगळा घोळ त्या श्वासाच्या जागेत आहे.

हे पडताळून बघायला सोपी युक्ती आहे. क्रियापद काढा आणि त्या जागी साधं नाम घाला. 'आय लुक फॉरवर्ड टु दिवाळी' हे वाक्य बिनचूक आहे. 'आय लुक फॉरवर्ड टु युवर रिप्लाय' हेही. म्हणजे तिथे नामाची जागा आहे, आणि क्रियापदाला त्या जागेवर बसायचं असेल तर नामासारखं होऊन यावं लागेल. इंग्रजीत ते 'आयएनजी' लावून होतं. याउलट 'आय वाँट टु दिवाळी' असं कोणी म्हणणार नाही; तिथला 'टु' क्रियापदाचाच.

मराठी माणसाला खरं तर हे जड जाऊ नये. 'उत्तर मिळण्याची वाट पाहतो' यात 'मिळणे' हे आपण नामासारखंच वापरतो आणि वर त्याला 'ची' प्रत्यय लावतो. 'मिळतो-ची वाट' असं तान्हं मूलही म्हणत नाही. अडचण मराठीची नसून पाठांतराची आहे. नियम पाठ झाला, तो कुठे लागू होतो हे सांगायचं राहून गेलं.

जाता जाता, हे दोन्ही 'टु' मुळात एकच होते. साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदापासून नाम करत, त्याला विभक्तीचा प्रत्यय लावत आणि मग त्याआधी 'टु' ठेवत. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि 'टु' उघड्या क्रियापदासमोर उभा राहिला. आज वापरणाऱ्याला या इतिहासाचा काडीचा उपयोग नाही, पण 'इंग्रजीला काही नियमच नाही' असं कोणी म्हणालं की मला तो आठवतो.

आता युक्तीची मर्यादा, कारण शिकवणीवर्गात ती सहसा सांगत नाहीत. नाम बसत नसेल तर पुढे मूळ रूप येणार हे नक्की. पण नाम बसतं म्हणून दर वेळी 'आयएनजी' येईलच असं नाही. 'वुई अग्री टु द टर्म्स' बरोबर आहे, आणि 'वुई अग्री टु पे' हेही बरोबर. 'अग्री टु पेइंग' सहसा कोणी लिहीत नाही. 'एन्टायटल्ड' तसंच: 'एन्टायटल्ड टु अ रिफंड' आणि 'एन्टायटल्ड टु क्लेम'. कराराची भाषा लिहिणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगळे लक्षात ठेवावेत, कारण त्यांच्या कागदांत ते पानोपानी असतात. बाकीच्यांनी युक्तीवर विसंबायला हरकत नाही.

याच कुळातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'यूज्ड टु'. त्याची तीन रूपं आहेत आणि तिन्ही आपल्याकडे एकमेकांत मिसळतात. 'आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा' म्हणजे पूर्वी राहायचो, आता राहत नाही. 'आय ॲम यूज्ड टु लिव्हिंग इन सातारा' म्हणजे तिथे राहायची मला सवय आहे. आणि 'धिस मशीन इज यूज्ड टु कट स्टील' म्हणजे हे यंत्र पोलाद कापायला वापरतात. पहिल्या दोन्हींत उच्चार 'यूस्ट टु' असा होतो, तिसऱ्यात 'यूज्ड'. कारखान्याच्या माहितीपत्रकात मी 'अवर वर्कर्स आर यूज्ड टु हँडल हेवी लोड्स' असं वाक्य पाहिलं आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की आमच्या कामगारांना जड माल हाताळायची सवय आहे. वाक्याचा अर्थ मात्र असा झाला की जड माल हाताळण्यासाठी कामगार वापरले जातात. युरोपातल्या खरेदी विभागाला असं काही वाचायला देऊ नये. मजुरांच्या वागणुकीबद्दल ते आधीच प्रश्नावल्या पाठवत असतात.

मग येतं 'कमिटेड टु'. दुकानाच्या पाटीपासून कंपनीच्या भिंतीवरच्या गुणवत्ता धोरणापर्यंत 'वुई आर कमिटेड टु प्रोव्हाइड' लिहिलेलं दिसतं, हवं 'प्रोव्हायडिंग'. सरकारी निविदांत आणि संस्थांच्या परिपत्रकांत 'विथ अ व्ह्यू टु इम्प्रूव्ह' असतं; तिथे 'इम्प्रूव्हिंग'. 'ऑब्जेक्ट टु', 'डेडिकेटेड टु', 'इन ॲडिशन टु', 'प्रायर टु', 'व्हेन इट कम्स टु' यांनाही तेच लागू. यादी पाठ करण्यापेक्षा यातला प्रत्येक शब्द एकदा नामाबरोबर मोठ्याने म्हणून बघा. 'इन ॲडिशन टु धिस', 'प्रायर टु डिस्पॅच', 'ऑब्जेक्ट टु द प्राइस'. कानाला नाम पटलं की 'आयएनजी' आपोआप पटतं.

तुमचे ग्राहक जर्मन आहेत, म्हणून एक खास इशारा. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेत पत्राच्या शेवटी 'फ्रॉइअ मिश' असं काहीसं लिहितो, आणि पुढे क्रियापद आलं तर 'त्सू ह्योरेन' म्हणतो. हा 'त्सू' म्हणजे क्रियापदाचा 'टु', आणि 'ह्योरेन' म्हणजे मूळ रूप. तो इंग्रजीत लिहिताना हेच उचलतो आणि 'लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' लिहून मोकळा होतो. जर्मनीहून येणाऱ्या मेलमध्ये ही चूक सर्रास सापडते. उद्या साहेब ग्राहकाचाच मेल उघडून 'बघ, हे तर परदेशी लोक आहेत' म्हणतील. परदेशी आहेत, पण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही.

आता दुसरा प्रश्न. 'आय लुक फॉरवर्ड' आणि 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' दोन्ही शुद्ध. फरक अंतराचा आहे. 'आय लुक फॉरवर्ड' औपचारिक. अनोळखी कंपनी, दूतावास, विद्यापीठ, निविदा, नोकरीचा अर्ज अशा ठिकाणी हेच. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' जरा ऊबदार. ओळख झालेला ग्राहक, सहकारी, पुढच्या आठवड्यात भेटणार असलेला पाहुणा. 'आय ॲम' लिहिलं म्हणून कोणी नाक मुरडणार नाही, पण पहिल्या पत्रात साधा वर्तमानकाळ सुरक्षित.

नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' हे व्याकरणाने पूर्ण वाक्य नाही. त्याला कर्ता नाही. रोजच्या मेलमध्ये ते खपतं, इंग्लंड-अमेरिकेतही खपतं. औपचारिक पत्रात मी ते पूर्ण करायला सांगतो. ही अर्धी ओळ आली कुठून हे पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांत शेवट असा असायचा: 'होपिंग टु हिअर फ्रॉम यू सून, आय रिमेन, युवर्स फेथफुली', आणि खाली सही. म्हणजे 'होपिंग'चा कर्ता 'आय' पुढे येत होता आणि वाक्य सहीपाशी जाऊन पूर्ण होत होतं. विसाव्या शतकात 'आय रिमेन' गळलं, शेपटी गेली आणि धड तेवढं राहिलं. व्यापारी पत्रलेखन शिकवणाऱ्यांनी पुढे अशा लटकत्या शेवटांना नापसंती दाखवली. आपल्या कचेऱ्यांनी मात्र ते जिवापाड जपले. 'थँकिंग यू' ही स्वतंत्र ओळ, तिच्या खाली 'युवर्स फेथफुली', हे आजही महाराष्ट्रातल्या शाळेतल्या पत्रलेखनात शिकवलं जातं. परदेशी वाचकाला ते जुनाट वाटतं, चुकीचं नाही. मी ते काढून टाकतो आणि वर कुठेतरी 'थँक यू फॉर युवर मेल ऑफ 3 जून' असं नेमकं लिहितो. आभार कशाबद्दल ते कळलं पाहिजे.

आणखी एक आखूड रूप अलीकडे फार वाढलं आहे: मेलच्या शेवटी फक्त 'लुकिंग फॉरवर्ड!'. कशाकडे ते सांगितलेलंच नाही. मित्राला चालेल. ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याला नको.

काही बारीक चुका एका झपाट्यात. 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' चूक. 'फॉर' बहुधा 'वेट फॉर'मधून घुसतो. 'फॉरवर्ड'चं स्पेलिंग 'फोरवर्ड'सारखं केलं तर पुस्तकाची प्रस्तावना होते, आणि संगणकातला तपासनीस ते पकडेलच असं नाही, कारण तोही शब्द खरा आहे. 'हिअर फ्रॉम यू' म्हणजे तुमच्याकडून काही कळणं; 'हिअर अबाउट यू' म्हणजे तुमच्याबद्दल दुसऱ्याकडून ऐकणं, हे भलतंच होईल. 'टु हिअरिंग यू' मध्ये 'फ्रॉम' गळला की तुम्ही त्याच्या भाषणाची किंवा गाण्याची वाट पाहता. वकिलांच्या बाबतीत तर 'द' लागला तरी पंचाईत: 'लुक फॉरवर्ड टु द हिअरिंग' म्हणजे सुनावणीची आतुरता. ती पक्षकाराला क्वचितच असते.

भेटीबद्दल लिहिताना 'मीट' आणि 'सी' यांत फरक करा. मराठीत पहिल्यांदा भेटलो तरी भेटलो आणि दहाव्यांदा भेटलो तरी भेटलो. इंग्रजीत पहिल्या भेटीआधी 'लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू', आणि आधी ओळख झालेली असेल तर 'टु सीइंग यू'. हॅनोव्हरच्या प्रदर्शनात ज्याच्याशी तासभर बोललात, त्याला पुन्हा 'मीटिंग यू' लिहिलं तर त्याला वाटू शकतं की याला माझी आठवणच नाही.

कधी क्रिया आपली नसून समोरच्याची असते. 'तुम्ही आमच्यात सामील होण्याची वाट पाहतो' कसं लिहायचं? 'लुक फॉरवर्ड टु युवर जॉइनिंग अस' की 'टु यू जॉइनिंग अस'? यावर इंग्रजांत शंभर वर्षांपूर्वी चांगली जुंपली होती. हेन्री फाउलरने 1926 च्या आपल्या भाषावापर-कोशात 'यू जॉइनिंग' या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' म्हणून झोडपलं. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सनने ती रचना इंग्रजीत मुरलेली असल्याचं दाखवून तिची बाजू घेतली. व्यवहारात येस्पर्सन जिंकला असं म्हणायला हरकत नाही. औपचारिक पत्रात मी अजून 'युवर' वापरतो. मेलमध्ये 'यू' आलं तर खोडत नाही. आणि खोळंबायला वेळ नसेल तर सरळ नाम: 'वुई लुक फॉरवर्ड टु युवर व्हिजिट'.

व्याकरणापेक्षा मला जास्त खोडावं लागतं ते वेगळंच: ही ओळ जिथे नको तिथे घातलेली असते. 'लुक फॉरवर्ड' मध्ये आनंदाने वाट पाहणं आहे. नुसती वाट पाहणं म्हणजे 'अवेट', होईल असं धरून चालणं म्हणजे 'एक्स्पेक्ट'. शोकसंदेशाच्या खाली 'लुक फॉरवर्ड' येऊ नये. कामावरून कमी करण्याच्या पत्राखाली 'वुई लुक फॉरवर्ड टु रिसीव्हिंग युवर लॅपटॉप' असं एकदा माझ्यासमोर मसुद्यात आलं होतं. लिहिणाऱ्याने साचा उचलला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र ते झोंबलं असतं. तिथे 'प्लीज रिटर्न द लॅपटॉप बाय फ्रायडे' हे जास्त माणुसकीचं आहे.

उलट, तक्रारीच्या पत्रात ही ओळ ब्रिटिश लोक मोठ्या खुबीने वापरतात. 'आय लुक फॉरवर्ड टु रिसीव्हिंग द रिफंड बाय 15 जून.' वरून गोड, आतून तारीख. 'एक्स्पेक्ट' लिहिलं असतं तर आवाज चढला असता. थकबाकी मागताना मी पहिल्या स्मरणपत्रात 'लुक फॉरवर्ड' ठेवतो, दुसऱ्यात 'एक्स्पेक्ट'.

तारखेवरून आठवलं. आपण सर्रास 'प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट' लिहितो. भारताबाहेर 'मंगळवार ॲट द अर्लिएस्ट' याचा अर्थ 'मंगळवारच्या आधी नाही' असा होतो. घाई दाखवायला वापरलेला शब्द तिकडे गोंधळ घालतो. त्याऐवजी 'बाय थर्सडे, 12 जून' लिहा. 'रिव्हर्ट'ही तसाच: आपल्याकडे उत्तर देणं, इंग्लंड-अमेरिकेत पूर्वस्थितीला जाणं. जर्मन अभियंत्याला 'प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग' लिहिलं तर तो आराखड्याची जुनी आवृत्ती पुन्हा लावायची का, असं विचारू शकतो.

कॅनडा-ऑस्ट्रेलियासाठी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकाराला बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे लेखनाचं पहिलं काम किमान 150 शब्दांचं पत्र असतं आणि त्याला सुमारे 20 मिनिटं द्यायची असतात. ही ओळ त्यात जवळजवळ प्रत्येक जण पाठ करून घालतो, म्हणून ती बिनचूक लिहून वेगळं काही कमावता येत नाही. चुकवून मात्र गमावता येतं. मित्राला लिहायचं पत्र असेल तर 'कान्ट वेट टु सी यू' जास्त शोभतं. आणि हो, 'कान्ट वेट'च्या पुढचा 'टु' क्रियापदाचा, तिथे 'सीइंग' नको.

राहिले साहेब. त्यांना व्याकरण शिकवायला जाऊ नका. पुढच्या मेलमध्ये 'वुई लुक फॉरवर्ड टु युवर कन्फर्मेशन' लिहा. नाम घातलं की खोडायला काही उरत नाही, अर्थ तोच राहतो आणि वाक्य आखूड होतं. चार-सहा मेल असे गेले आणि त्यांनी कधी आपणहून विचारलं, तर 'आय लुक फॉरवर्ड टु दिवाळी' हे वाक्य सांगा आणि 'दिवाळी'च्या जागी 'सेलिब्रेटिंग दिवाळी' घालून दाखवा. 'सेलिब्रेट दिवाळी' त्यांच्याही कानाला लागेल. नाही लागलं, तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या कोणत्याही विद्यार्थी-शब्दकोशात 'लुक फॉरवर्ड टु' उघडून समोर ठेवा. साहेब लोकांचा छापील अक्षरावर विश्वास असतो.

तुमच्या त्या मेलचा शेवट मी असा केला असता: 'प्लीज लेट अस नो बाय थर्सडे, 12 जून, व्हेदर द रिव्हाइज्ड ड्रॉइंग इज ॲप्रूव्ह्ड. वुई लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.' मग पूर्णविराम, एक ओळ मोकळी, आणि नाव घेऊन सुरुवात केली असेल तर 'युवर्स सिन्सिअरली', 'डिअर सर' असेल तर 'युवर्स फेथफुली'. 'युवर्स'मध्ये 'एस'च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी नको. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ती आहे, आणि साहेबांनी ती खोडलेली नाही.